बॅच सोडा, जनरल रजिस्टर उघडा

दिवाळी जवळ आली की आमच्या दहावीच्या ग्रुपवर दोन विषय हमखास निघतात, यंदा गेट-टुगेदर कुठे करायचं आणि शाळेला काय द्यायचं. पहिल्यावर शेकड्यांनी मेसेज पडतात (त्यातले निम्मे व्हेज का नॉनव्हेज यावर), दुसऱ्यावर कुणीतरी "कमान" असं लिहितं, बाकीचे अंगठे देतात आणि विषय संपतो. मला या कमानीवरच जरा बोलायचंय, म्हणजे खरं तर कमानीवर नाही, माजी विद्यार्थी म्हणजे कोण हे आपण कसं ठरवतो त्यावर. माझं मत असं झालंय की आपण शाळेशी जोडलेले वगैरे नसतोच, आपण फक्त एकमेकांशी जोडलेले असतो, आणि शाळा लागते ती ग्रुप फोटोला मागे भिंत पाहिजे म्हणून.

शाळेचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर महिनाभर ग्रुपवर तेच चालेल. सांगली जिल्ह्यातला खानापूर तालुका, विट्याच्या बाजूचं गाव, अनुदानित मराठी माध्यमाचं हायस्कूल, पाचवी ते दहावी. आम्ही मार्च १९९६ ला दहावीला बसलो. ग्रुप निघाला तो बऱ्याच वर्षांनी, पुण्यात नोकरीला असलेल्या चारपाच जणांनी काढला, आणि मुलगे भराभर सापडत गेले कारण मुलग्यांचं नाव, आडनाव, गाव सगळं जिथल्या तिथं असतं. मुली सापडेनात. फेसबुकवर शोधणार तरी काय, आडनाव बदललेलं, काहींचं लग्नात नावही बदललेलं, प्रोफाइलला फोटो देवाचा नाहीतर पोराचा. मी सापडले ती माझ्या भावामुळे, त्याचं गावातच मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि वर्गातला एकजण जळलेली मोटर घेऊन तिथं आला होता, त्यानं नंबर मागून घेतला.

ग्रुपवर आल्यावर वेगळीच गंमत. ज्या मुलांशी शाळेत अख्ख्या पाचवी ते दहावीत एक वाक्य बोललो नाही (बोलायचंच नसतं ना, फळ्यावर नावं यायची) ते आता "मॅडम कशा आहात" विचारतात. काहीजण थेट ताई. तू म्हणायचं का तुम्ही यातच पहिले काही महिने गेले. हळूहळू सुटलं ते, पण दोघीतिघी त्याआधीच लेफ्ट झाल्या होत्या, एकीला रात्री अकराला गुड नाइटचे गुलाब यायचे आणि फोन हॉलमध्ये सगळ्यांसमोर चार्जिंगला असायचा. ऍडमिनला हे सांगावं लागतं, त्याचं त्याला सुचत नाही. आम्ही मुलींचा वेगळा ग्रुप काढला तेव्हा कुठे बाकीच्या एकेक करून यायला लागल्या, आणि त्यांना शोधण्याची पद्धत एकच निघाली, गावात जायचं आणि तिच्या आईला नाहीतर वहिनीला विचारायचं. कुठलंही ऍप यात उपयोगाचं नाही.

तर बॅच. बॅच म्हणजे दहावीच्या परीक्षेचं वर्ष. म्हणजे जो दहावीपर्यंत पोचला तो बॅचमध्ये, जो नववीत नापास होऊन मागच्या बाकावर पुन्हा बसला तो आमच्यात पण नाही आणि पुढच्यांत पण नाही, आणि जी आठवीत लग्न होऊन गेली ती तर कुणाच्याच हिशेबात नाही. पाचवीला आमच्या दोन तुकड्या होत्या, दहावीला दोन्ही मिळून एक वर्ग झाला. बाकीचे कुठे गेले हा प्रश्न ग्रुपवर इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही.

आमच्या भागात तर याला एक खास कारण आहे. खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, तासगाव, तिकडे माण-खटाव, हा सगळा दुष्काळी पट्टा, आणि इथली माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून, शुद्ध करून देण्याचा धंदा. देशातल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात जा, तामिळनाडू म्हणा, केरळ म्हणा, दिल्ली म्हणा, बोळात एक छोटं दुकान असतं आणि भट्टीजवळ बसलेला माणूस आपल्या तालुक्यातला निघतो. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी यायच्या आधी शेतीत काही राम नव्हता, म्हणून पोरगं बाराचौदा वर्षांचं झालं की मामा नाहीतर चुलता येऊन घेऊन जायचा. शाळा सुटायची ती तिथंच. आणि आज गावात सगळ्यात पैसा कुणाकडे आहे तर याच लोकांकडे, देवळांचे कळस, सभामंडप, यात्रेतल्या कुस्त्यांची बक्षिसं, सगळीकडे त्यांची नावं. शाळेत मात्र त्यांचं नाव कुठेच नाही. देणगीदारांच्या फळ्यावर नाही आणि ग्रुपवर तर नाहीच नाही.

आमच्या वर्गातला असा एकजण कोइमतूरला आहे. यात्रेत भेटला. मी सहज म्हटलं की अरे ग्रुपवर ये की, तर हसला. "आमी कसलं माजी विद्यार्थी, सातवीतनं गेल्यालो मानसं. तुमी धावी पास." त्याचा सूर तक्रारीचा नव्हता, हे असंच असतं अशा बेतानं तो बोलला. मग म्हणाला, देवळासाठी दरवर्षी गावातली चार माणसं घरी येतात, फोन करतात, हक्कानं पावती फाडतात, शाळेतनं आजवर कुणी आलं नाही. एवढं बोलून तो पोराला पाळण्यात बसवायला गेला आणि मी बराच वेळ तिथंच उभी.

त्यानंतर मी शाळेत जाऊन मुख्याध्यापक सरांना विचारलं की सातवी-आठवीत सोडून गेलेल्यांची यादी कुठे मिळेल. सर म्हणाले, यादी कशाला, जनरल रजिस्टर आहे की.

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. शाळेत प्रवेश घेतला की तुमची एक नोंद जनरल रजिस्टरमध्ये होते आणि तिला नंबर पडतो. नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, आधीची शाळा, कुठल्या इयत्तेत कधी आलात, वर्तणूक, शाळा कधी सोडली, का सोडली. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे या ओळीची नक्कल. हे रजिस्टर कधीच फेकायचं नसतं, शाळा आहे तोवर ते आहे. म्हणजे माजी विद्यार्थ्यांचा डेटाबेस करू, पोर्टल करू, ऍप करू म्हणून जे लोक उत्साहानं मीटिंगा घेतात (आमच्यातही आहेत, एकानं तर लोगोसुद्धा करून आणला) त्यांना कुणीतरी सांगा की डेटाबेस पहिल्या दिवसापासून तयार आहे, लोखंडी कपाटात. आणि त्यात पास-नापास भेद नाही.

क्लार्क भाऊंनी रजिस्टरं काढून दिली. "म्याडम, ही कोन बगत न्हाई ओ, दाकला पायजे आसला की तेवढं." त्यांचं खरं होतं, फक्त मधले काही महिने सोडून. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मग राज्यभर जुनी रजिस्टरं बाहेर निघाली. आमच्या हायस्कूलपेक्षा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जास्त गर्दी, कारण तिथली रजिस्टरं जुनी, काही मोडी लिपीतली. जात पडताळणीला ओबीसींच्या बाबतीत १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, त्यामुळे आजोबांच्या नावाची ओळ शोधत कुठून कुठून लोक आले. ज्यांनी तीस-चाळीस वर्षांत शाळेचं तोंड बघितलं नव्हतं ते येऊन व्हरांड्यात उभे. माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे की एवढी माणसं दारात आली आणि एकाचाही फोन नंबर कुणी लिहून घेतला नाही. एक वही आणि पेन टेबलावर ठेवलं असतं तरी काम झालं असतं. दाखला न्यायला, नक्कल न्यायला, पासपोर्टला तारीख जुळवायला माजी विद्यार्थी वर्षभर शाळेत येतच असतात, आपणच त्यांना गिऱ्हाइकासारखं वागवून परत पाठवतो. आता आमच्या शाळेत ती वही आहे. एवढंच काम झालं असतं तरी मी खूश होते.

रजिस्टरमधला मला सगळ्यात जास्त वेळ अडकवणारा रकाना म्हणजे शाळा सोडण्याचं कारण. "दहावी उत्तीर्ण", "परगावी जात असल्याने", "पालकांच्या विनंतीवरून", "सतत गैरहजर". गलाईला गेलेली सगळी मुलं "पालकांच्या विनंतीवरून". आणि मुली "सतत गैरहजर". माझ्या बाकावर बसणारी, जिच्या हस्ताक्षराचे बाई दाखले द्यायच्या, ती पण सतत गैरहजर. ती गैरहजर का होती हे सगळ्या गावाला माहीत होतं, आईला अर्धांगवायू झाला आणि धाकटी भावंडं सांभाळायला दुसरं कोण. तिला शोधली आम्ही. आता ती कराडजवळ असते, दूध डेअरीचं कलेक्शन बघते, हिशेब तोंडपाठ. ग्रुपवर घेतल्यावर पहिला मेसेज तिनं टाकला तो एका सरांची तब्येत कशी आहे हे विचारायला, आणि ग्रुपवर कुणाला सांगता येईना.

आम्ही मग एक साधं गुगल शीट केलं. रजिस्टर नंबर, शाळेतलं नाव, आत्ताचं नाव, गाव, फोन, आणि काय करता येईल. बॅचचा रकाना मुद्दाम ठेवला नाही, शाळेत आल्याचं वर्ष ठेवलं, कारण दहावीची पहिली बोर्ड परीक्षा १९७५ ची, त्याच्या आधीचे लोक अकरावी मॅट्रिकवाले, त्यांची बॅच कशी जुळवणार, आणि सोडून गेलेल्यांना बॅच नाहीच. एका बाबतीत मात्र कडक राहा, रजिस्टरच्या पानाचे फोटो काढून ग्रुपवर टाकू देऊ नका. त्यात जात आहे, जन्मतारीख आहे, नापास झाल्याच्या नोंदी आहेत. एक उत्साही मित्र "जुन्या आठवणी" म्हणून टाकायला निघालाच होता. नावं आणि वर्ष तेवढं हातानं उतरवून घ्यायचं, तेही शाळेत बसून, सरांच्या परवानगीनं.

कार्यक्रम कधी ठेवायचा यावर पण दरवर्षी घोळ. पुण्या-मुंबईवाल्यांना दिवाळीच्या आधीचा रविवार सोयीचा वाटतो. त्या दिवशी एकही बाई येऊ शकत नाही, घरात फराळ चाललेला असतो, आणि गलाईवाले तर धनत्रयोदशी-पाडव्याला दुकान सोडून हलूच शकत नाहीत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ठेवला तर मुली माहेरी आलेल्या असतात, चालत शाळेत येतात. गलाईवाले यात्रेला येतात, तर यात्रेत दुपारचे दोन तास त्यांच्यासाठी वेगळे. हॉल नको, लॉन नको, शाळेच्या पटांगणात. आणि कृपा करून मुलींच्या टॉयलेटचं कुलूप आदल्या दिवशी काढून, पाणी सोडून ठेवा, एका वर्षी किल्ली कुणाकडे यातच अर्धा कार्यक्रम संपला होता. रांगोळी आणि औक्षण हे खातं आपोआप आमच्याकडे येतं ते पण आता आम्ही नाकारलंय, स्टेजवर सूत्रसंचालन करणार म्हणून सांगितलं.

सरांच्या सत्काराबद्दल एवढंच की ऐंशीच्या पुढच्या माणसाला उन्हात दोन-तीन तास बसवून शेवटी शाल-श्रीफळ देऊ नका. त्यांना आधी बोलू द्या. ते हजेरीपटाच्या क्रमानं नावं घेतात अजून, आणि बापाच्या नावासकट.

आता द्यायचं काय. लोकांना वस्तू द्यायला आवडतं कारण वस्तूवर नाव घालता येतं. आमच्या शाळेत भिंतीवरची घड्याळं इतकी आहेत की प्रत्येक खोलीत वेगळी वेळ. प्रोजेक्टर आहे, कपाटात आहे. पाणी शुद्ध करायचं मशीन एका बॅचनं दिलं, फिल्टर बदलायचा खर्च कुणी करायचा हे ठरलं नव्हतं, ते बंद. शाळेला खरी चणचण आहे ती माणसांची. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानंतर अनुदानित शाळेतला शिपाई निवृत्त झाला की त्याची जागा भरत नाहीत, त्याऐवजी भत्ता मिळतो. शिक्षकांची संख्या पटावर, पट घसरतोय, कारण गावातली निम्मी पोरं पिवळ्या बसमधून इंग्लिश मीडियमला. उरलेल्या शिक्षकांचा निम्मा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. तिथं तुमचं घड्याळ काय करणार.

आम्ही दोन कामं धरली आणि दोन्ही कंटाळवाणी आहेत. पहिलं एनएमएमएस. आठवीतल्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा, फक्त सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांसाठी, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. म्हणजे चार वर्षांत ४८,०००, आमच्या गावात ही रक्कम म्हणजे मुलीची शाळा सुटणार का टिकणार हे ठरवणारी. दोन पेपर असतात, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० प्रश्न. शिकवण्यापेक्षा सराव लागतो, म्हणून पुण्यातले तिघेजण शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन बसून पेपर सोडवून घेतात, गावातला एकजण स्वतःचा लॅपटॉप आणि स्पीकर शाळेत नेऊन लावतो. पण खरी गळती पुढे होते. निवड झालेल्या मुलांचा अर्ज दरवर्षी पोर्टलवर रिन्यू करावा लागतो, बँक खातं आधारशी जोडलेलं लागतं, नावात एक अक्षर वेगळं असलं की पैसे अडकतात, आणि आईवडील मजुरीला गेलेले. कराडजवळच्या आमच्या मैत्रिणीनं हे काम घेतलंय. ती फोन करून एकेका घराचा पिच्छा पुरवते. शाळेच्या कागदावर सतत गैरहजर, आणि आज शाळेच्या कामाला तिच्याइतकं हजर कुणी नाही.

दुसरं, दहावीनंतरचे फॉर्म. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले आणि पहिल्याच वर्षी गावात नुसता गोंधळ, कॉलेजांचे पसंतीक्रम कसे भरायचे हे नेटकॅफेवाला ठरवायला लागला. आयटीआय, डिप्लोमा यांचे वेगळे फॉर्म. आमच्यातले जे या वाटेनं गेलेत त्यांनी शाळेत बसून दोन दिवस एवढंच केलं. आयटीआय करून चाकणला लागलेल्या मुलाचं पोरांनी जितकं ऐकलं तितकं इंजिनियरांचं ऐकलं नाही, आणि बरोबरच आहे.

कॉलेजांमध्ये नॅकच्या मूल्यांकनासाठी माजी विद्यार्थी संघ दाखवावा लागतो म्हणून कागदोपत्री तरी असतो, शाळांना ती सक्ती नाही. आम्ही पण रजिस्टर्ड संस्था करायचा विचार केला होता. सात माणसं लागतात, १८६० चा कायदा, मग धर्मादाय आयुक्त, दरवर्षी ऑडिट, पदाधिकारी बदलले की फेरफार अर्ज. अध्यक्ष कोण यावर जी चर्चा झाली ती बघून मीच म्हटलं राहू द्या. पैसे द्यायचे तर शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या खात्यात, शाळेचं नाव आणि काम स्पष्ट लिहून, आणि पावती घेऊन. देणगीवर आयकरात सूट (८०जी) पाहिजे असेल तर संस्थेकडे ते आहे का आधी विचारा, आणि दोन हजारांवर रोख दिलीत तर सूट मिळत नाही. केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल पण आहे, २०२१ मध्ये नव्यानं सुरू झालं, त्यावर शाळा आपली गरज टाकते आणि कुणीही मदतीला येऊ शकतं, पैसे सोडून. त्याचं लॉगिन भरायला शाळेत वेळ कुणाला, ते पण आपल्यातल्याच कुणीतरी बसून भरून द्यायचं.

कोइमतूरवाल्याला शीटमध्ये घेतलाय. त्याचा रजिस्टर नंबर फोटो न काढता, नुसता लिहून पाठवला, तर त्यानं तो स्टेटसला ठेवला. मग तिथल्या सराफ बाजारातले अजून चारजण विचारायला लागले की आमचा नंबर किती. यात्रेला आल्यावर शाळेत येणार म्हणतात, आणि पाण्याच्या मशीनचा वर्षाचा खर्च त्यांनी वाटून घेतलाय, नाव कुठं टाकू विचारलं तर म्हणाले नाव राहू द्या, पावती द्या.

कमानीचं काय झालं विचाराल तर कमान होणार आहे. बहुमत आहे. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, "१९९५-९६ च्या बॅचकडून". मी एवढीच अट घातली की बॅच हा शब्द काढा आणि "१९९० साली पाचवीत आलेल्या विद्यार्थ्यांकडून" असं लिहा, म्हणजे दोन्ही तुकड्या त्यात येतात. त्यावर सध्या ग्रुपवर वाद चालू आहे की ते फार लांब होतं आणि कोरणारा अक्षरावर पैसे घेतो.